चक्कीवरचे साहेब

साहेब कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे. पाणी आलं की प्यायचे नाहीत. पेला जमिनीवर ठेवायचे आणि वाकून त्याच्याकडे बघत बसायचे. पाण्यावर बारीक वलयं उठली की विचारायचे, "शेजारी बोअरची मोटर आहे का?" किंवा, "रस्ता इथून किती लांब?" घरचे लोक एकमेकांकडे बघायचे. एकदा आम्ही मयतीच्या घरी बसायला गेलो होतो, तिथंही त्यांनी हेच केलं. मी कोपरानं ढोसलं, "प्या ना जी, लोक पाहून राहिले." तेव्हा एका घोटात पेला रिकामा केला आणि निघताना मला हळूच म्हणाले, "चांगलं मजबूत घर आहे. पाणी जरासुद्धा हललं नाही."

मी म्हटलं, "त्या घरचा माणूस गेला, साहेब."

"हो, ते वाईट झालं," ते म्हणाले. "पण पाया चांगला आहे."

आता ते अमरावतीला मुलाकडे असतात. माझ्याकडे होते तेव्हा पूर्ण गल्ली त्यांना हळू साहेब म्हणायची. कारण जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की वरून आवाज यायचा, "हळू!" पोस्टमन असो की मांजर.

अकोल्यात पातूर रोडला माझी पिठाची चक्की आहे. खाली चक्की, मागच्या बाजूला मी राहते, आणि वर एक खोली. नवरा गेल्यापासून चक्की मीच चालवते आणि खोली भाड्यानं देते. खोलीत कोणी फार टिकत नाही. सकाळी मोटर सुरू झाली की वरच्या मांडणीतली ताटं नाचतात. हे मी आधीच सांगून टाकते, मागून कटकट नको. साहेबांनाही सांगितलं. ते खुश झाले.

"मला असंच घर पाहिजे," म्हणाले.

साहेब वजनमापे खात्यातून रिटायर झालेले. जन्मभर दुकानदारांचे काटे तपासले. गाण्याचा नाद तेव्हापासूनचा. त्यांच्याकडे जुना रेकॉर्ड वाजवायचा बाजा होता, पिठाच्या डब्याएवढे दोन स्पीकर होते आणि रेकॉर्डींनी भरलेल्या तीन लोखंडी पेट्या. मुलाच्या फ्लॅटमध्ये ते वाजवायला लागले की खालचे वर यायचे, वरचे खाली यायचे. शेवटी तिथल्या कमिटीनं मुलाला चिठ्ठी दिली. तेव्हा साहेबांनी विचार केला की, ज्या घरात आधीच आवाज आहे तिथं आपल्या आवाजाला कोण बोलणार? म्हणून चक्कीच्या डोक्यावर घर घेतलं. शिकलेला माणूस, पण आवाजाचा विचार केला आणि हादऱ्याचा केला नाही.

पहिल्याच सकाळी ते खाली आले. डोक्याला तेल, हातात चष्मा, तोंड उतरलेलं.

"बाई, सुई उडते."

"कशाची सुई?"

"रेकॉर्डवरची. गवयानं सूर लावला की तुमची चक्की त्याला धक्का मारते, आणि तो एकदम शेवटच्या ओळीवर जाऊन पडतो."

"मी सांगितलं होतं, ताटं नाचतात म्हणून."

"ताटांचं सांगितलं होतं," ते म्हणाले. "खरं आहे."

मला वाटलं महिन्याभरात जातील. गेले नाहीत. मग एक दिवस मीच विचारलं, "सकाळीच काहून ऐकायचं असते तुमाले? संध्याकाळी चक्की बंद होते. मग ऐका ना रात्रीपर्यंत."

ते पायरीवर बसले. डाव्या कानाला बोट लावून म्हणाले, "हा गेला." मग उजव्याला लावलं. "हा आहे. पण डॉक्टर म्हणाले, हाही जाईल. केव्हा ते सांगता येत नाही. सकाळी उठलो की साफ असतो. दुपारी त्यात शिट्टी सुरू होते, कुकरसारखी, ती झोपेपर्यंत. गाणं ऐकायचं तर दुपारच्या आत."

"मग किती ऐकायचं राहिलं?"

"तीन पेट्या. सगळ्या एकदा नीट ऐकायच्या. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, सुई न उडता. मग कान गेला तर गेला."

मी म्हटलं, "सकाळी माझं सगळं गिऱ्हाईक असते. चक्की बंद नाही होणार."

"मी बंद करा म्हटलं का?"

आणि खरंच, त्यांनी ते कधी म्हटलं नाही. तोंड वाकडं करूनसुद्धा सुचवलं नाही. चक्की चालेल आणि बाजाही चालेल, असं त्यांनी ठरवलं होतं. मीही त्यांना खोली खाली करा म्हटलं नाही. कान जायच्या आधी पेट्या संपतात की पेट्या संपायच्या आधी कान जातो, एवढीच त्या घरातली गोष्ट होती, आणि ती मला रोज वरून ऐकू यायची.

वऱ्हाडात कापसाला काय तोटा, म्हणून पहिल्यांदा त्यांनी सरकीची पोती आणली. पोत्यांवर पाट, पाटावर बाजा. सरकी म्हणजे उंदराचं पंचपक्वान्न. चक्कीतले उंदीर मी मोठ्या मेहनतीनं बाहेर काढले होते, ते सगळे नातेवाइकांना घेऊन वरच्या मजल्यावर राहायला गेले. सरकी खाल्ली, वर बाज्याची वायरही कुरतडली. मी पोती रस्त्यावर काढायला लावली.

मग गादी. कोपऱ्यावर गादीवाले चाचा बसायचे, कापूस पिंजायचं त्यांचं पिढ्यांचं काम. साहेबांनी त्यांना माप दिलं, इतकीशी गादी. चाचा ते माप दोन्ही हातांनी हवेत धरून बघत राहिले.

"साहब, बच्चे के लिए है क्या?"

"नाही. बाज्यासाठी."

"और आप किस पे सोते?"

"माझ्याकडे चटई आहे."

चाचांनी ही गोष्ट बाजारभर सांगितली. साहब चटई पे, बाजा गादी पे. पण गादी मन लावून करून दिली. पहिल्यांदा फार नरम झाली, बाजा त्यात म्हशीसारखा बसला. दुसऱ्यांदा कापूस ठासून भरला. आता चक्कीचा हादरा बराच कमी लागायचा, पण साहेब खोलीत चालले की बाजा डुलायचा आणि सुई उडायची. त्यामुळे रेकॉर्ड लावली की ते खुर्चीत बसायचे ते बसायचेच. माशी नाकावर बसली तरी हात उचलायचे नाहीत. मी एकदा भाड्याच्या खोलीचा नळ बघायला वर गेले, तर दारातून मला डोळ्यांनीच खुणावलं, आत येऊ नका. माझ्याच घरात मी दाराबाहेर उभी.

चार-सहा आठवड्यांत कापूस दबला आणि गादी पाटासारखी कडक झाली. चाचा म्हणाले, "रुई है साहब, दबेगी ही. आदमी भी दबता."

त्यानंतर त्यांनी छताच्या कड्याला चार दोऱ्या बांधल्या आणि फळी लटकवून बाजा त्यावर ठेवला. खाली दळण घेऊन आलेल्या बायकांना हे कळलं. शेजारची कांता जीभ आवरणारी नाही. पिठाचा डबा डोक्यावर घेऊन ती जिन्याखाली उभी राहिली आणि ओरडली, "काय वो साहेब, पाळणा बांधला म्हणे! बारसं केव्हा?"

साहेब वाकून गंभीरपणे म्हणाले, "बारसं नाही. हा हलायला नको आहे."

"पाळणा हलायला नको? मंग बांधला कायले बाप्पा!"

बायका हसून हसून पिठात बसल्या. पण कांताचंच खरं ठरलं. पाळणा हलायचाच. खिडकीतून वारा आला तरी.

उन्हाळ्यात त्यांनी स्कूटरची ट्यूब आणली. त्यात थोडीच हवा भरली, वर कडप्प्याची जड फरशी टाकली आणि फरशीवर बाजा. हे सगळ्यात चांगलं जमलं होतं. पेल्यातलं पाणी चक्की चालू असताना जवळजवळ शांत राहायचं. कूलरनं फरशी थरथरते म्हणून त्यांनी कूलर बंद ठेवला. अकोल्याचा मे महिना, आणि हा माणूस डोक्यावर ओला टॉवेल घेऊन गाणं ऐकतो. मी म्हटलं, "कान वाचवता वाचवता जीव जाईल." ते म्हणाले, "जिवाचं डॉक्टरांनी काही सांगितलं नाही."

पण ट्यूब अकोल्याच्या उन्हात टिकली नाही. एका दुपारी एवढा मोठा आवाज झाला की मी आधी गॅस बंद केला आणि मग वर पळाले. ट्यूब फुटली होती, फरशीचे दोन तुकडे झाले होते, आणि साहेब बाजा छातीशी धरून कोपऱ्यात उभे होते. डोक्यावरचा टॉवेल खाली पडला होता त्याचं भान नव्हतं.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाही, बाज्याला काही झालं नाही," म्हणाले.

त्याच आठवड्यात मुलगा आला. चांगला पोरगा आहे, बापावर जीव आहे त्याचा. त्यानं एक छोटा गोल स्पीकर आणला आणि मोबाईल दाखवला. "बाबा, तुमच्या तिन्ही पेट्या यात आहेत. उडत नाही, फुटत नाही." साहेबांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "रेकॉर्डवर या माणसानं गाताना मध्येच श्वास घेतलाय. तो कुठं गेला?" मुलाला काही कळलं नाही. मलाही नाही. तो गोल स्पीकर साहेबांनी चाचांना देऊन टाकला. चाचा त्यावर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकतात.

मुलगा त्यांना बदल म्हणून सेमाडोहला घेऊन गेला. जंगलात शांत वाटेल म्हणाला. साहेब दुसऱ्याच दिवशी परत आले. मी विचारलं, "वाघ दिसला का?"

"वाघाचं काय करू?" ते चिडले. "पेल्यातलं पाणी आरशासारखं! एवढी शांतता मी कधी पाहिली नाही. आणि बाजा इथं."

आता टाकीचं सांगते. चक्कीचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात. मग पीठ जाड येतं, गरम येतं. तेव्हा वरचा दगड उतरवून छिन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा खाचे पाडावे लागतात. याला टाकी लावणं म्हणतात. नवऱ्यानं मला शिकवलं, मी स्वतः लावते. त्या दिवशी चक्की बंद असते, म्हणून साहेब त्या दिवसाची सणासारखी वाट बघायचे. एकदा असा दिवस आला. त्यांनी सकाळी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून पेटी उघडली, रेकॉर्ड लावली. आणि खाली मी छिन्नीवर पहिला घाव घातला.

वर सुई उडाली. दुसरा घाव, पुन्हा उडाली.

साहेब खाली आले. मला वाटलं आज भांडण होतं. ते दगडाकडे, माझ्या हाताकडे, जमिनीकडे बघत राहिले. मग वर गेले आणि ती निकामी झालेली कडक गादी खांद्यावर टाकून घेऊन आले.

"दगड यावर ठेवून बघाल का?"

"गादीवर? घाव बसणार नाही."

"दगड जड आहे. बसेल. एकदा बघा."

चाचांना बोलावलं. तिघांनी मिळून दगड गादीवर सरकवला. मी घाव घातला. छिन्नी बसली. साहेब वर धावले, म्हणजे त्यांच्या मानानं धावले, आणि थोड्या वेळानं जिन्यावरून ओरडले, "मारा! जोरात मारा!" मी मारत होते आणि वरून अखंड गाणं येत होतं. कोणी बाई गात होती. बरं गात होती.

टाकी लावून झाल्यावर ते खाली आले आणि माझ्यासमोर बसले. म्हणाले, "वर्षभर मी मार खाणाऱ्याला गादी दिली. गादी मारणाऱ्याला द्यायला पाहिजे होती."

मी म्हटलं, "म्हणजे काय करता आता?"

"चक्की उचलू."

मी सरळ नाही म्हटलं. चालती चक्की मी कुणालाही उचलू देणार नव्हते. ते रोज येऊन बसायचे. गिऱ्हाइकांची पिशवी धरायचे, पीठ चाळायचे, आणि मध्येच म्हणायचे, "बेअरिंग जास्त टिकेल." दुसऱ्या दिवशी, "भिंतीची भेग वाढणार नाही." भेगेचं खरं होतं. अकोल्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि भिंती आधीच त्रासलेल्या. तिसऱ्या दिवशी ते नुसते उजव्या कानाला हात लावून बसले. तो हात त्यांनी मला दाखवायला लावला नव्हता. मला दिसला. मी म्हटलं, "पुढच्या टाकीच्या दिवशी. आणि संध्याकाळच्या आत चालू झाली पाहिजे."

त्यांनी ट्रकच्या जुन्या टायरचे जाड तुकडे कापून आणले. चक्कीखाली चार, मोटरखाली चार. चालू केली तर मोटर एकीकडे डुलली, चक्की दुसरीकडे, आणि दोघांच्या मधला पट्टा सटकून थेट कांताच्या ज्वारीत पडला.

"मारता का मले!" कांता किंचाळली. "पाळणा बांधून झाला, आता फासही बांधून राहिले का?"

मीही त्यांना पुष्कळ बोलले. साहेबांनी ज्वारी निवडून दिली, खाली मान घालून. मग दोन दिवस चक्कीसमोर स्टूल टाकून बसले, पाण्याचा पेला मांडीवर. तिसऱ्या सकाळी चाचांना म्हणाले, "मोटर आणि चक्की वेगवेगळ्या खाटांवर झोपवली, ते चुकलं. एका खाटेवर पाहिजेत."

चाचा म्हणाले, "मियां-बीवी है साहब. खाट अलग करोगे तो झगड़ा होगाच."

वेल्डिंगवाल्याकडून एक लोखंडी चौकट करून घेतली. मोटर आणि चक्की दोन्ही त्याच चौकटीवर घट्ट आवळली आणि टायरचे तुकडे चौकटीखाली दिले. मी बटन दाबलं. पट्टा जागेवर राहिला. पीठ पडायला लागलं. मी जमिनीवर तळवा ठेवून पाहिला, जमीन गप्प होती. आवाज तेवढाच होता, पण तो चक्कीचा चक्कीपाशी होता. मी वर पाहिलं. साहेब कठड्यावरून पेला पुढं करून मला दाखवत होते. मग तो पेला त्यांनी पिऊन टाकला.

त्या दिवसापासून त्यांनी पेट्या सुरू केल्या. रोज सकाळी, खाली चक्की चालू, वर बाजा. घाई नाही, एक रेकॉर्ड झाली की पुसून ठेवायची, मग दुसरी. पहिली पेटी पावसाळ्यात संपली. दुसरी पोळ्यानंतर सुरू झाली आणि थंडीत संपली. ती संपली त्या दिवशी त्यांनी चाचांना आणि मला जिलबी दिली. तिसऱ्या पेटीला कुलूप गंजलेलं होतं, ते तोडायला माझी छिन्नी नेली.

काही दिवसांनी, सकाळी गर्दीच्या वेळेला, ते खाली आले. माझ्या हातात गव्हाची पिशवी होती, चक्कीत धान्य पडत होतं, अंगावर पीठ उडत होतं. ते अगदी माझ्या जवळ उभे राहिले आणि म्हणाले, "आज वीज नाही का, बाई?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. चक्की हातभर अंतरावर चालू होती. कांता तोंड उघडायला लागली, मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. उगाच काही सांगण्यात अर्थ नव्हता. मी त्यांचा हात धरला आणि पडत्या पिठाखाली नेला. गरम पीठ त्यांच्या तळव्यावर पडलं. ते बघत राहिले. मग त्यांनी हात झटकला, सदऱ्याला पुसला आणि वर गेले.

दुपारी मी भाकरी घेऊन वर गेले. खायची खूण केली तर खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत खाली आले. तोंडाकडे बघून ओठ वाचायचा प्रयत्न करत होते, पण बोलणं नेहमीचंच, ठाम.

"तिसरी पेटी अर्धी राहिली आहे."

मी हातानं विचारलं, मग?

"तुम्ही वर या."

मी मोठ्यानं, तोंड उघडून म्हटलं, "मले गाण्यातलं काय समजते? चौथी शिकलेली बाई मी."

त्यांना ते कळलं. "समजायची गरज नाही. सुई उडाली का, एवढं सांगा. पेटी एकदा नीट वाजली पाहिजे, असं मी ठरवलं होतं. माझ्या कानानंच वाजली पाहिजे असं नव्हतं ठरवलं."

खाली गिऱ्हाइकांची रांग होती. चक्कीत कांताचे गहू चालू होते. मी डबा सरकवला, हात झटकले आणि त्यांच्या मागं जिना चढले. आयुष्यात पहिल्यांदा चालती चक्की सोडून. त्यांनी रेकॉर्ड पुसली, लावली, सुई ठेवली आणि माझ्याकडे बघत बसले, रेकॉर्डकडे नाही. कुणी म्हातारा माणूस गात होता. मध्येच त्यानं श्वास घेतला, तो मला ऐकू आला. मी मान हलवली, उडाली नाही.

खालून कांताची हाक आली, "वो बाई! गहू संपले ना! रिकामे दगड घासून राहिले!"

दगडाला दगड घासला की टाकी जाते. मला माहीत होतं. मी खिडकीशी जाऊन जमेल तेवढ्या जोरानं ओरडले, "बटन बंद कर तू! आणि थांबा सगळे! रेकॉर्डची ही बाजू संपू दे!"

साहेब माझ्या तोंडाकडेच बघत होते. विचारलं, "काय झालं? उडाली का?"

मी परत येऊन बसले आणि मान हलवली. नाही.